क्षमा कीं फारखत ? : मराठी ख्रिस्ती ग्रंथांतील पापमोचनाच्या परिभाषेची चिकित्सा

मराठी भाषेंत ख्रिस्ती धर्माचे ग्रंथ रचले जाऊं लागल्यास आतां चारशें वर्षें उलटून गेलीं. फादर स्टीफन्स याचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत राचोल येथें छापलें गेलें; म्हणजे तुकोबांची वाणी लोकांच्या कानीं पडण्यापूर्वींच मराठी ओवी छापखान्यांत शिरली होती. असें असतां आमच्या संग्राहकांच्या याद्यांत या वाङ्मयास फारसें स्थान मिळत नाहीं. पाद्र्यांचीं पुस्तकें म्हणून तीं बाजूस टाकलीं जातात, आणि ज्यांस तीं पूज्य आहेत ते त्यांच्या भाषेची चिकित्सा करावयास सहसा धजत नाहींत. प्रस्तुत लेखांत या वाङ्मयाचा एकच धागा आम्ही उकलून पाहणार आहों. पाप घडल्यावर मनुष्य देवापासून दुरावतो, त्यास क्षमा मिळते व तो पुनः देवाच्या निकट येतो, हा ख्रिस्ती धर्माचा गाभा. तो सांगण्यास मराठींत कोणते शब्द योजले गेले, ते कितपत पेलले, आणि कोणाच्या हातीं ते सजीव झाले, एवढाच प्रश्न येथें आहे. त्या सिद्धान्ताची सत्यासत्यता ठरविणें हें आमचें काम नव्हे.

१

प्रथम शब्द. आजच्या मराठी बायबलांत या विषयाचे मुख्य शब्द पश्चात्ताप व क्षमा हे होत. दोन्ही शुद्ध संस्कृत, दोन्ही शिष्ट. परंतु मूळ ग्रंथांतील अर्थ त्यांत पुरता उतरत नाहीं. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. त्यांत दाह आहे, गति नाहीं. ज्या हिब्रू शब्दाचें काम तो करतो त्या ‘शूव’ धातूचा अर्थ मागें वळणें, परत येणें असा आहे. ग्रीक ‘मेतानोइया’ शब्दाचा अर्थ बुद्धीचा पालट असा आहे. तेव्हां मूळांत जें चालणें व वळणें होतें, तें मराठींत केवळ जळणें होऊन बसलें. मनुष्य जागच्या जागीं जळत राहिला तर तो परतला असें कोणी म्हणणार नाहीं.

क्षमेची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. क्षम् धातूचा अर्थ सोसणें. पृथ्वी सर्व कांहीं सोसते म्हणून ती क्षमा. जो सोसतो तो शिक्षा करीत नाहीं हें खरें. परंतु सोसणाऱ्याच्या वहींत अपराधाची नोंद तशीच राहूं शकते. नव्या करारांतील ग्रीक ‘अफिएमि’ या क्रियापदाचा अर्थ सोडून देणें, जाऊं देणें असा आहे. दावें सोडणें, कर्ज सोडणें, कैदी सोडणें, या सर्वांस तें क्रियापद चालतें. क्षमा हा क्षमा करणाराचा गुण झाला. सोडणें ही सुटणाराच्या आयुष्यांत घडणारी घटना आहे.

तिसरा शब्द प्रायश्चित्त. प्राय म्हणजे तप व चित्त म्हणजे निश्चय, अशी त्याची जुनी व्युत्पत्ति स्मृतिकार देतात. पातकाच्या मानानें कृच्छ्र, चांद्रायण, दान व जप. परिषदेनें तें सांगावें, पातक्यानें तें आचरावें, मग व्यवहारास योग्य व्हावें, असा हा क्रम. येथें मूल्य पातक्यानें स्वतः चुकवावयाचें असतें. ख्रिस्ती सिद्धान्त नेमका याच्या उलट बाजूनें निघतो : जें देणें फेडणें देणेकऱ्याच्या आवांक्याबाहेर आहे तें धनकोच सोडतो.

मात्र येथें एका प्रचारी विधानाचा निरास करणें अवश्य आहे. हिंदु शास्त्रांस अनुताप ठाऊकच नव्हता, त्यांत केवळ बाह्य कर्मकांड आहे, असें एकोणिसाव्या शतकांतील मिशनरी पुस्तकांतून सुचविलें जाई. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय ज्यानें वाचला आहे त्यास हें मान्य होणार नाहीं. पाप उघड करणें, अनुताप, तप, अध्ययन व दान यांनीं पापी मुक्त होतो, असें तेथें स्पष्ट सांगितलें असून, मनुष्य आपलें पाप जसजसें स्वमुखानें सांगतो तसतसा सापानें कात टाकावी तसा तो त्यांतून सुटतो, हा दृष्टान्तही तेथेंच आहे. तेव्हां भेद आहे तो अनुताप असणें-नसणें यांत नाहीं; सोडवणूक कोणाकडून होते यांत आहे.

२

आतां आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाच्या प्रांतांत येऊं. ज्यांनीं जुनीं दप्तरें चाळलीं आहेत, मग तीं पुण्याचीं असोत कीं आमच्या वऱ्हाडांतील एखाद्या देशपांड्याच्या माळ्यावरचीं, त्यांस खत, रोखा, गहाण, माफी व फारखत हे शब्द परके नाहींत. माफी म्हणजे साऱ्याची सूट. फारखत म्हणजे देणें चुकतें झालें, आतां मागणें उरलें नाहीं, असा लेख. आमचें म्हणणें असें कीं, ख्रिस्ती शास्त्रांतील पापमोचनाचा विचार संस्कृत क्षमेपेक्षां या मोडी कागदांच्या भाषेंत अधिक यथार्थ उतरतो.

याला आधार मूळ ग्रंथांतच आहे. येशू ज्या अरामी भाषेंत बोलत असे, तींत ‘होबा’ या एकाच शब्दाचे ऋण व पाप असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळें प्रभूच्या प्रार्थनेंत मत्तय ‘ऋणें’ म्हणतो तर लूक ‘पापें’ म्हणतो. आणि लूकही पुढच्याच चरणांत मनुष्यांविषयीं बोलतांना ऋणी हाच शब्द घेतो. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनीं मत्तयाच्या ठिकाणीं ऋण व सोडणें हेच शब्द राखले आहेत, ही त्यांची रसिकता होय. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांतील दृष्टान्तांत एका चाकराचें देणें दहा हजार तालांत सांगितलें आहे. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, व एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. अर्थात् सहा कोटी दिवसांच्या मजुरीचें तें कर्ज. धनी तें एका शब्दानें सोडतो. तोच चाकर बाहेर येऊन शंभर दीनारांसाठीं सोबत्याचा गळा धरतो. ज्या प्रांतांत सावकाराच्या वहीनें पिढ्यान् पिढ्या खाल्ल्या, तेथील श्रोत्यास या आंकड्यांवर निराळें भाष्य नको.

याहून महत्त्वाचें स्थळ कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. तेथें ‘खैरोग्राफोन’ असा शब्द येतो. हस्तलिखित हा त्याचा अक्षरार्थ. व्यवहारांत ऋणकोनें स्वहस्तें लिहून दिलेलें खत. आमच्याविरुद्धचें तें खत देवानें पुसून टाकलें व वधस्तंभास खिळून नाहींसें केलें, असें तेथील प्रतिपादन आहे. कागदपत्रांच्या संग्राहकास याहून जवळची उपमा कोणती मिळणार ? खत फाटलें, दावा संपला.

येथें दुसरेंही एक चित्र आठवतें. वडिलांच्या वेळेपासूनचे कर्जरोखे तुकोबांनीं इंद्रायणींत सोडले, अशी परंपरागत कथा आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनेंही सावकारांच्या वह्या व रोखे जाळले. त्यांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा निघाला. कागद दोन्ही ठिकाणीं नष्ट झाले. परंतु एके ठिकाणीं धनकोनें आपण होऊन सोडले, दुसऱ्या ठिकाणीं ऋणकोंनीं हिसकावून जाळले. पहिली फारखत, दुसरा दंगा. ख्रिस्ती ग्रंथांस अभिप्रेत आहे ती पहिली.

याच कसोटीवर रूढ परिभाषेंतील तीन शब्द पाहूं. पहिला ‘तारण’. तॄ धातूपासून आलेला हा शब्द उद्धार या अर्थीं निर्दोष आहे. परंतु आमच्या व्यवहारांत तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठीं ठेवलेली वस्तु. पापी ऋणमुक्त झाला असें सांगावयाचें असतां श्रोत्याच्या मनांत गहाणाचा कागद उभा राहावा, हा मोठा विरोधाभास होय. दुसरा ‘खंडणी’. ख्रिस्तानें पुष्कळांसाठीं आपला जीव दिला, तेथें मराठी बायबलांत हा शब्द आहे. मराठ्यांच्या इतिहासांत खंडणी म्हणजे जिंकलेल्या वा धाकांत ठेवलेल्या मुलुखाकडून वसूल केलेली रक्कम. वाचक सहजच विचारील, ही खंडणी कोणी मागितली व कोणास पोंचली ? हा प्रश्न आमच्या भाषेपुरता नाहीं. ओरिजेन या प्राचीन आचार्यानें ती सैतानास दिली असा अर्थ लाविला होता, आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या आन्सेल्मानें तो अर्थ मोडून काढण्यासाठीं एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हां शब्दाची निवड येथें सदोष असली तरी तो दोष जुन्या वादाचाच वारस आहे. तिसरा ‘समेट’. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत देवाशीं पुनः जडणाऱ्या संबंधास हा शब्द योजला आहे. समेट दोन समान पक्षांत होतो, दोघेही थोडें थोडें सोडतात. येथें तर सोडणारा एकच आहे.

३

येथवर फारखतीची बाजू मांडली. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. फारखत हातीं पडलेला ऋणको मोकळा होतो, पण तो धनकोच्या घरीं राहावयास जात नाहीं. उलट दोघे पुनः एकमेकांचें तोंड पाहणार नाहींत, असेंच बहुधा घडतें. ख्रिस्ती विचारांत मात्र सुटका हें अर्धेंच काम. उरलेलें अर्धें म्हणजे गमावलेली जवळीक परत मिळणें. लूकाच्या पंधराव्या अध्यायांतील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तांत बाप मुलास कर्जमाफीचा लेख देत नाहीं. तो दूर असतांनाच धांवत जाऊन त्याच्या गळ्यांत पडतो. मुलानें मला मोलकरी करून ठेव असें म्हणण्याचें योजिलें होतें. तें वाक्य बाप त्यास पुरें करूं देत नाहीं. आणि थोरला भाऊ, ज्याचा हिशेब अगदीं चोख आहे, तो घराबाहेर उभा राहतो. हिशेबाची भाषा येथें संपते आणि घराची भाषा सुरू होते.

या दोन्ही भाषा एकत्र नांदल्याचें उदाहरण आमच्याकडे अतिप्राचीन आहे, हें संस्कृतज्ञांनीं विसरूं नये. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत वसिष्ठाचीं वरुणसूक्तें आहेत. मी पुनः वरुणाच्या अंतर्यामीं केव्हां जाईन, असें तो ऋषि विचारतो. आपलें जुनें सख्य कोठें गेलें, असें दुसऱ्या सूक्तांत म्हणतो. दाव्यांतून वासरूं सोडावें तसें मला सोड, अशी याचना करतो. दुसऱ्या मंडलांतील वरुणसूक्तांत पाप दोरीसारखें सैल करण्याची व ऋणें दूर करण्याची प्रार्थना एकत्र आली आहे. पाप, ऋण, बंधन व दुरावलेला सखा, हे चारही धागे तेथें एका गांठींत आहेत. पुढें धर्मशास्त्रानें त्यांतील पाप घेतलें व त्याचें माप बांधिलें. जवळीक भक्तिमार्गाच्या वांट्यास आली, आणि तिची भाषा माहेर, माउली व भेट अशी झाली. ख्रिस्ती ग्रंथकार मराठींत लिहावयास बसले तेव्हां त्यांच्यापुढें ही वांटणी झालेली होती. कोणी धर्मशास्त्राची परिभाषा घेतली, कोणी भक्तीची. ज्यांनीं दोन्ही पुनः सांधल्या, त्यांचेच ग्रंथ वाचनीय ठरले, असें आमचें मत आहे.

४

या दृष्टीनें स्टीफन्स पाहावा. हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ सालीं तेथेंच मृत्यु पावला. त्याचा ग्रंथ सुमारें अकरा हजार ओव्यांचा असून दोन पुराणांत विभागलेला आहे. पहिल्यांत सृष्टि, आदिपुरुषाचें पतन व जुन्या करारांतील कथा. दुसऱ्यांत ख्रिस्ताचें चरित्र. ही विभागणी केवळ सोयीची नाहीं. पहिलें पुराण दुराव्याचें व वाट पाहण्याचें, दुसरें भेटीचें. आणि हा सर्व प्रवास त्यानें ओवीच्या संथ चालीवर सोंपविला. वैकुंठासारखे शब्द तो निःशंकपणें घेतो, कारण श्रोत्यांचें मन ज्या घरास ओळखतें त्याच घराच्या नांवानें त्यांस हांक मारावी, हें त्यानें जाणलें होतें.

परंतु समीक्षकानें दुसरी बाजू झांकून ठेवूं नये. साष्टीच्या ज्या भागांत हें पुराण गाइलें गेलें, तेथील देवळें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाडलीं गेलीं होतीं. जुन्या पोथ्या श्रोत्यांच्या हातून गेल्या होत्या. आणि १५६० सालीं स्थापन झालेलें इन्क्विझिशन गोव्यांत चालू होतें. क्षमेची वाणी व दंडाचा हात एकाच सत्तेचे होते. पापाची फारखत कोण देतो, या प्रश्नास तेथें राजकीय अर्थही होता. स्टीफन्सच्या ओव्यांतील मार्दव या पार्श्वभूमीवर अधिक उठून दिसतें, आणि अधिक अस्वस्थही करतें.

त्याच्यामागून एतिएन द ला क्रवा या फ्रेंच जेझुइटानें संत पीटराच्या चरित्रावर मराठी पुराण रचलें. तें १६२९ पासून छापलें गेलें. विषय असा कीं यासारखा दुसरा नाहीं. गुरूस तीनदां नाकारणारा शिष्य, कोंबडा आरवल्यावर त्याचें रडणें, आणि पुढें सरोवराच्या कांठीं गुरूनें तीनदां माझ्यावर प्रीति करतोस काय असें विचारून तीनही नकार पुसून काढणें. क्षमेचें याहून उत्कृष्ट आख्यान कोणत्या पुराणिकास मिळालें असतें ? पण ग्रंथाच्या पोर्तुगीज नांवांतच या देशींच्या धर्माच्या चुकांचें खंडन हा हेतु घातलेला आहे, आणि त्या खंडनानें आख्यानाचा श्वास कोंडला. दुसऱ्याचीं पापें मोजीत असतां आपल्या नायकाचें रडणें ऐकूं येत नाहीं, हा या ग्रंथाचा मोठा दोष होय.

संग्राहकांसाठीं येथें एक गोष्ट नमूद करणें जरूर आहे. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत उपलब्ध नाहीं. सालडाना यांची १९०७ ची मंगळूरची रोमन लिपींतील आवृत्ति हस्तलिखितांवरून सिद्ध झाली, व तिच्यावरून बंडेलू यांनीं १९५६ सालीं देवनागरी आवृत्ति काढली. याउलट विल्यम मार्सडेनच्या संग्रहांतील, लंडनच्या प्राच्यविद्याशाळेंत असलेली देवनागरी पोथी जस्टिन ॲबट यांनीं १९२३ च्या सुमारास विद्वानांच्या नजरेस आणिली. रोमन परंपरेंत जे पोर्तुगीज धर्मशब्द तसेच राहिले आहेत, त्यांच्या जागीं या पोथींत संस्कृत शब्द आढळतात. म्हणजे पापमोचनाची परिभाषा घडवितांना परका शब्द ठेवावा कीं देशी करावा, हा झगडा त्या पोथ्यांच्या पाठांतरांतच जतन झालेला आहे. ओवीगणिक पाठभेदांची तुलना या एका विषयापुरती जरी कोणी केली, तरी आजच्या परिभाषेच्या पुष्कळ गांठी सुटतील.

५

एकोणिसाव्या शतकांत वातावरण पालटलें. बाबा पदमनजी यांनीं १८५४ सालीं बेळगांवीं बाप्तिस्मा घेतला व पुढें ‘अरुणोदय’ हें आत्मचरित्र लिहिलें. तें प्रामाणिक आहे. पण त्यांत मनाच्या शोधाबरोबर वादाचाही आवाज बराच ऐकूं येतो.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी. कलकत्त्याच्या पंडितांनीं १८७८ सालीं पंडिता व सरस्वती या पदव्या दिलेली ही विदुषी १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें ख्रिस्ती झाली. परंतु आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, अशी जाणीव बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं आपणांस झाली, असें त्यांनीं १९०७ च्या आत्मनिवेदनांत सांगितलें आहे. संस्कार होऊन गेला, नांवनोंद झाली, पण जवळीक नव्हती. म्हणजे फारखत हातीं होती, घर सांपडलें नव्हतें. आमच्या विषयावरील हें सर्वांत मोलाचें साक्ष्य होय, कारण तें धर्मांतराच्या जयघोषास स्वतःच्या अनुभवानें मर्यादा घालतें. पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत राहून त्यांनीं हिब्रू व ग्रीक मूळांच्या आधारें सबंध बायबल मराठींत आणिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. संस्कृतांत जन्मलेल्या या बाईनें संस्कृतप्रचुर परिभाषा बुद्ध्या टाळून साध्या बायकांस कळेल अशी मराठी स्वीकारली, ही घटना भाषांतरकारांनीं मननीय मानावी. तें भाषांतर मंडळ्यांत रूढ झालें नाहीं व त्यांत खडबडीतपणा आहे हें खरें. पण शब्दाच्या मागें दडलेलें दुसरें दर्शन अर्थावर सावली पाडतें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

नारायण वामन टिळकांनीं उलट मार्ग धरला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों असें ते म्हणत. त्यांनीं परिभाषा टाळली नाहीं. भक्तीची परिभाषाच ख्रिस्ताकडे वळविली. अभंगांजलींत ख्रिस्त माउली होतो, आणि क्षमेचा प्रश्न कायद्याच्या कक्षेंतून उठून आईच्या मांडीवर येतो. १९१७ सालीं त्यांनीं साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला व त्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा ठेविली. हें त्यांच्या काव्याचेंच आचरणांतील भाष्य होय. दोष एकच : माउलीच्या भाषेंत गोडवा इतका सहज येतो कीं पापाचें ओझें क्वचित् हलकें वाटूं लागतें. सहा कोटी दिवसांच्या मजुरीचा आंकडा तेथें पुसट होतो.

ती उणीव भरून काढली ती लक्ष्मीबाईंनीं, आणि तीही गद्यांत. टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां एक संसार उभा चिरला गेला. पतिपत्नी कित्येक वर्षें वेगळीं राहिलीं. पुढें त्या नगरास पतीजवळ आल्या व १९०० सालीं स्वतः ख्रिस्ती झाल्या. १९३४ ते १९३७ या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत हें सर्व आहे. तेथें क्षमेवर प्रवचन नाहीं. रागीट, उदार व लहरी नवरा, त्याच्या निर्णयाचा आपल्यावर कोसळलेला डोंगर, सुटत नसलेलें सोवळें, आणि या सर्वांवर त्यांचें हसणें. देणें किती मोठें होतें हें त्या लपवीत नाहींत, आणि तें मागतही नाहींत. वळणें, सोडणें व पुनः जवळ येणें, या ज्या तीन क्रिया मूळ ग्रीक-हिब्रू शब्दांत आहेत, त्या मराठींत एका स्त्रीच्या संसारकथेंत जितक्या उघड दिसतात तितक्या कोणत्याही धर्मग्रंथांत दिसत नाहींत. टिळकांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ त्यांनींच पुढें नेलें, यांत एक औचित्य आहे.

असो. निष्कर्ष एवढाच कीं पापमोचनाचा विचार मराठींत आणितांना केवळ शास्त्राचा शब्द अपुरा पडतो, केवळ कागदाचा शब्द अर्ध्या वाटेवर सोडतो, आणि केवळ प्रेमाचा शब्द हिशेब विसरतो. खत फाटलें पाहिजे व दारही उघडलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मंडळीनें अकोला, खामगांव, बुलढाणा व आमचें मलकापूर येथें ठाणीं घातलीं. तेव्हांचीं गीतांचीं पुस्तकें, प्रश्नोत्तरावल्या व उपदेशपत्रिका या भागांतील जुन्या घरांतून अद्याप निघूं शकतील. सनदा व बखरी जपणाऱ्यांनीं त्यांसही आपल्या रुमालांत जागा द्यावी. कर्ज, माफी व माहेर या आपल्याच शब्दांनीं परक्या सिद्धान्ताशीं कसा व्यवहार केला, याचा पुरावा त्या जीर्ण पानांत आहे, आणि वाळवी कोणाचाही धर्म विचारीत नाहीं.